सातव्या अल्बममधला आवाज

मी सांगलीत एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हे पोटापाण्याचं झालं. पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, की बरीच वर्षं माझ्या मनात पहिलं उत्तर वेगळंच यायचं. मी लोकांना अल्बम सुचवतो. नवे, परदेशी, कुणी नाव न ऐकलेले. त्यांचे कलाकार दिवसा सुतारकाम करत असावेत आणि संध्याकाळी गिटार घेऊन ओसरीवर बसत असावेत, असं मला वाटायला आवडायचं. ते खरोखर काय करतात हे मी कधी पाहिलं नाही.

या संगीताला दोन नावं आहेत. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाता आपलं आपण रेकॉर्ड करणारे. रूट्स रॉक म्हणजे जुन्या खेडवळ गाण्यांच्या, बँजो नि फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, यांच्या वळणानं जाणारं रॉक. खेडवळ म्हणजे अर्थात त्यांच्याकडचं खेडं. मी स्वतः खेड्यातून आलेला. गावच्या भजनाला कधी टाळ धरला नाही. पण सातासमुद्रापलीकडच्या कुणा माणसानं मोडक्या कुंपणावर गाणं केलं की मी ते पुन्हा पुन्हा लावायचो. आमच्या शेताचं कुंपण मोडलंय असा भावाचा फोन आला, तेव्हा मी हेडफोन लावून तेच गाणं ऐकत होतो आणि भावाला नंतर करतो म्हणालो होतो.

ऐकणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप होता, फोनवरचा. त्याचं नाव इंग्रजीत होतं आणि ते माझ्या शाळेपासूनच्या मित्रानं ठेवलं होतं. हा मित्र सांगलीत दातांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडं परदेशातून मागवलेलं टर्नटेबल आहे, त्याच्यावर तो काळ्या तबकड्या लावतो आणि त्यांतल्या खरखरीला ऊब म्हणतो. आमच्या वडिलांच्या पिढीनं हीच खरखर जाण्यासाठी नवस केले असते. दुसरा पक्का सभासद तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. त्याच्या अब्बांच्या काळापासून घरात हाच धंदा. तो गाडीत ऐकायचा, शेडमध्ये ऐकायचा आणि प्रत्येक शिफारशीखाली ‘माशाल्ला, काय चीज आहे’ असं लिहायचा. शिफारस टाकून अर्धं मिनिटही झालेलं नसायचं. बाकी वीसेक जण अंगठा दाखवण्यापुरते होते.

शिफारस मी टाकायचो, दर रविवारी. आज वाचताना माझी मलाच लाज वाटते, पण दोन-तीन नमुने देतो. ‘या अल्बमला ओल्या लाकडाचा वास आहे.’ ‘हा अल्बम रविवारी ऐकू नका, तो मंगळवारचा आहे.’ ‘खर्जातला बास इथं वाजत नाही, वाट बघतो.’ असलं मी सरळ चेहऱ्यानं लिहायचो आणि डॉक्टर खाली ‘अगदी, अगदी’ म्हणायचा. मंगळवारचा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आणखी दोन परिच्छेद लिहिले असते.

माझ्या बायकोनं मात्र हिशेब बरोबर ओळखला होता. ती एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “तुम्ही ऐकता दहा मिनिटं आणि लिहिता दीड तास.” मी तिला समजावलं की जाणत्या कानाला पहिल्या दोन गाण्यांत सगळं कळतं. ती म्हणाली, “मग मुलांचे पेपरही दोनच प्रश्न वाचून तपासत जा.” मी विषय बदलला.

अशा या ग्रुपमध्ये सुभेदार आले, ते दातांमुळं.

सुभेदार कुंडलचे. फौजेत एका पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. निवृत्त होऊन गावी आले, ऊस करू लागले, पण रोज सकाळी तासभर वाजवायचे. मग साठीनंतर वरचे पुढचे दात हलायला लागले आणि एकामागून एक गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दात नाहीत तर सूर धरता येत नाही. म्हणून ते माझ्या मित्राच्या दवाखान्यात आले आणि म्हणाले, जेवायला कसेबी चालतील, पण वाजवायला चालतील असे दात करा. मित्रानं तीन वेळा कवळी केली. तिन्ही वेळा सुभेदार वाद्य पेटीत घालून घेऊन आले, खुर्चीत बसून फुंकून बघितलं आणि मान हलवून परत ठेवलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, राहू द्या, आता ऐकू.

दवाखान्यात तेव्हा मी सुचवलेला एक अल्बम चालू होता. सुभेदारांनी विचारलं, हे कोण वाजवतंय, ढोलवाला जरा पुढं पळतोय. मित्राला हे एवढं आवडलं की त्यानं तिथल्या तिथं त्यांना ग्रुपमध्ये घेतलं आणि मला फोन करून सांगितलं, “अरे, अस्सल माणूस मिळालाय. कुंडलचा शेतकरी आणि रूट्स रॉक! विचार कर.” मी विचार केला आणि मलाही भरून आलं. आमच्या ग्रुपला शोभा आली. चांगल्या हॉटेलात कोपऱ्यात बैलगाडीचं चाक लावतात, तसे आम्ही सुभेदार लावले.

पण चाक भिंतीला गप्प राहतं. सुभेदारांनी पहिल्याच आठवड्यात असं काही केलं, जे ग्रुपमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं. मी सुचवलेला अल्बम त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. दोनदा. आणि बुधवारी त्याचा अहवाल टाकला. फौजेतून आलेली सवय; मराठी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ, एका ओळीला एक ट्रॅक. ‘ट्रॅक एक ठीक. ट्रॅक दोन, बासवाला मागं राहतो. ट्रॅक तीन चांगला, फिडल स्वच्छ. ट्रॅक पाच, गाणारा दमलेला वाटतो, आजारी असंल. ट्रॅक आठ नसता तर चाललं असतं.’

आठ ट्रॅक आहेत हेच आमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. डॉक्टरनं ‘किती निरागस’ असं लिहिलं. व्यापाऱ्यानं सवयीनं ‘माशाल्ला’ टाकलं.

मग दर बुधवारी अहवाल येऊ लागला. मी गडबडून काही रविवार मन लावून ऐकलं. पण माणूस किती दिवस मन लावणार! परीक्षा आल्या, पेपर आले, मी पुन्हा दोन गाण्यांवर आलो. सुभेदार लिहायचे, ‘ट्रॅक नऊमध्ये माउथ ऑर्गनवाला मधेच थांबतो, सर, ते मुद्दाम असंल काय?’ आणि मी उत्तर द्यायचो, ‘छान पकडलंत.’ या दोन शब्दांवर मी जवळजवळ वर्ष काढलं.

त्या वर्षाअखेरीला साताऱ्याच्या एका मंडळाकडून मला व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय होता वर्षभरातले ऐकलेच पाहिजेत असे दहा अल्बम. कुणाच्या तरी ओळखीतून माझ्या रविवारच्या शिफारशी तिथवर पोचल्या होत्या. मी आठवडाभर हवेत होतो. बायकोनं विचारलं, दहा ऐकून झालेत का. मी म्हणालो, जवळजवळ. खरं सांगायचं तर चार पूर्ण ऐकले होते, तीन अर्धे, आणि तीन अजिबात नाही. त्या तिन्हींबद्दल मी परदेशातल्या जाणकारांनी लिहिलेलं वाचलं होतं, आणि ते एवढं सुरेख लिहिलेलं होतं की ऐकून त्यात भर पडेल असं मला वाटलं नाही.

यादी मी आधीच ग्रुपवर टाकली, प्रत्येकाखाली चार ओळी लिहून. सातव्या नंबरावर थंड मुलखातल्या तिघा जणांचा एक अल्बम होता. त्याच्याखाली मी लिहिलं होतं: ‘गायकाचा आवाज नदीतल्या गोट्यांवरून घासत येतो. असा आवाज दहा वर्षांत एकदा जन्मतो.’

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी पाचला होता. डॉक्टर मला त्याच्या गाडीतून घेऊन गेला. मागच्या सीटवर टर्नटेबल होतं, सीटबेल्ट लावून बसवलेलं, कारण व्याख्यानात दोन तबकड्या ऐकवायच्या होत्या. सुभेदारही येणार होते. त्यांना गाडीत जागा होती का असं कुणी विचारू नये. ते कुंडलहून कराडला आणि कराडहून साताऱ्याला एसटीनं आले. आम्ही पोचलो तेव्हा ते पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर वही घेऊन बसले होते.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. एवढी गर्दी बघून मी सुखावलो. मग माझं लक्ष व्यासपीठामागच्या फलकाकडं गेलं. रंगवणाऱ्याला इंडी हा शब्द चुकीचा वाटला असणार. त्यानं तो सुधारून ‘हिंदी व रूट्स रॉक’ असं केलं होतं. निम्मी माणसं जुनी हिंदी गाणी ऐकायला आली होती. अध्यक्षांनीही प्रास्ताविकात वीस मिनिटं हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळावर घालवली, दोन गाण्यांच्या ओळी गुणगुणल्या, टाळ्या घेतल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाले, आता उरलेलं पाहुणे सांगतील.

उरलेलं मी तासभर सांगितलं. ओली लाकडं आली, मंगळवार आला, वाट बघणारा बास आला. डॉक्टरनं तबकडी लावली, खरखर झाली, एका आजोबांनी स्पीकर खराब आहे असं शेजाऱ्याला सांगितलं. सातव्या नंबराला मी डोळे मिटले आणि त्या गायकाच्या आवाजाबद्दल पाच मिनिटं बोललो. हा आवाज ऐकताना आपल्याला आपलेच मेलेले लोक आठवतात, असंही म्हणालो. सभागृह स्तब्ध झालं. अशी स्तब्धता मला वर्गात कधी मिळाली नाही.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. एका गृहस्थांनी हिंदी गाण्यांची यादी कधी देणार म्हणून विचारलं. मग सुभेदार उठले. वही उघडली, चष्मा सारखा केला, परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

“सर, सात नंबरात गाणारं कोण हाय?” ते म्हणाले. “मी तीनदा ऐकला. मला नुसती वाद्यं ऐकू आली. माझ्या फोनवर अर्धाच उतरला असंल काय?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. त्यांना खरोखर फोनची शंका होती. आणि मला त्याच क्षणी हेही कळलं की सातव्या अल्बममध्ये गायक नाही. मी दोन अल्बमांबद्दलचं वाचलेलं एकमेकांत मिसळलं होतं. नदीतले गोटे दुसऱ्याच कुणाचे होते.

तेव्हा मला ‘माझी चूक झाली’ म्हणता आलं असतं. तीन शब्द होते. पण समोर चाळीस माणसं, शेजारी अध्यक्ष, गळ्यात हार. मी एक घोट पाणी प्यालो आणि मंद हसलो.

“सुभेदार,” मी म्हणालो, “मी माणसाच्या आवाजाबद्दल बोलत नव्हतो. त्या अल्बममध्ये गिटारच गाते. तो आवाज कानानं शोधू नका.”

टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, व्याख्यानातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या तिथं पडल्या. डॉक्टर हात वर करून वाजवत होता. हिंदी गाण्यांसाठी आलेल्या गृहस्थांनीसुद्धा वाजवल्या. सुभेदारांनी माझं वाक्य वहीत लिहून घेतलं, “बरं सर” म्हणाले आणि खाली बसले. कार्यक्रम संपल्यावर ते कराडची गाडी पकडायला घाईनं गेले. आम्ही अध्यक्षांच्या घरी जेवलो. परतताना डॉक्टर म्हणाला की सुभेदार गोड माणूस आहे, पण त्यांची समज थोडी शब्दशः आहे. मी गाडीच्या काचेतून बाहेर बघत हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर सुभेदारांचा निरोप आला. ‘सात नंबर आणखी दोनदा ऐकला. गिटारीत आवाज शोधतोय. अजून सापडला न्हाई.’

डॉक्टरनं लिहिलं, ‘शोधू नका, सापडेल.’ व्यापाऱ्यानं लिहिलं, त्याला तर तासगावच्या रस्त्यावर सापडला, दुसऱ्याच ट्रॅकला. मी अंगठा दाखवला.

मंगळवारी निरोप आला, ‘हेडफोन लावून ऐकला. न्हाई.’ शुक्रवारी आला, ‘सुनेच्या फोनवर ऐकला, तिचा फोन नवा हाय. न्हाई.’ तिला पण ऐकवला, तिलाही फक्त गिटार ऐकू आली, पण ती लहान आहे, असंही त्यांनी पुढं जोडलं होतं. त्यानंतर चार-पाच दिवस काहीच आलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी नाद सोडला असावा असं धरून चाललो.

मग डॉक्टरचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता तो हसत म्हणाला, “तुझे सुभेदार आले होते. कानाच्या डॉक्टरकडं चिठ्ठी मागत होते. मी दिली.”

मी विचारलं, कानाला काय झालं. तो म्हणाला, काही नाही, त्यांना तुझा तो आवाज ऐकू येत नाही ना.

मी फोन ठेवला तेव्हा बायको समोर बसली होती. तिला सगळं सांगितलं, गोट्यांपासून टाळ्यांपर्यंत. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. एवढंच म्हणाली की ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचं सोडा, ज्यानं ऐकलं त्याच्याकडं जाऊन या.

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि कुंडलला गेलो. वाटेत मी तीन वेगवेगळी वाक्यं जुळवत होतो. प्रत्येकात एक ‘खरं तर’ होतं.

सुभेदारांचं घर रस्त्याला लागूनच, पुढं पत्र्याची पडवी. ते खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, लय बरं झालं आलात म्हणाले, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. आत जाऊन एक घडी घातलेला कागद घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. कानाच्या तपासणीचा होता. त्याच्यावर आलेख काढलेला होता, दोन रेघा, एका कानाची एक.

“डॉक्टर म्हणले वयाच्या मानानं चांगला हाय,” सुभेदार म्हणाले. “दोनदा करून घेतलं. मशिनचीच चूक नसंल ना म्हणून.”

मी जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी म्हणालो, “सुभेदार, तो अल्बम मी ऐकलेला नाही.”

त्यांनी माझ्या हातातला कागद परत घेतला.

“एकबी ट्रॅक न्हाई?”

“नाही.”

“मग लिव्हलं कशावरनं?”

“बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं वाचून.”

“त्यांनी तरी ऐकला हुता का?”

गेली कित्येक वर्षं मी ज्यांचं वाचून लिहीत होतो, ते कुणाचं वाचून लिहीत होते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. चहा आला. सुभेदारांनी तो बशीत ओतला, प्यायले, कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा बंद झाला होता. फौजेत हाताखालच्या माणसाकडं ते असेच बघत असतील.

“चाळीस मान्सांत विचारलं म्हणून बोलला नसाल,” ते म्हणाले. “पर दुसऱ्या दिशी फोन करायचा. मी पंधरा दिवस ऐकत हुतो.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही कळलं नाही. तेवढ्यात सुनेनं आतून सांगितलं की लाईट आली, मोटर सुरू करायची. सुभेदार उठले. खिशातून फोन काढला, छोटा स्पीकर जोडला, सातवा अल्बम लावला आणि माझ्या पुढ्यात स्टुलावर ठेवला.

“मी पाणी बघून येतो,” ते म्हणाले. “तवर ऐका. मधी उठू नका.”

अठ्ठेचाळीस वर्षांचा मी, बोर्डाचे पेपर तपासलेला माणूस, पत्र्याच्या पडवीत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसून राहिलो. सून मधेच येऊन अदबीनं विचारून गेली की पंखा लावू का. मी नको म्हणालो, कारण पंख्यानं ऐकू आलं नसतं, आणि सुभेदार परत येऊन काय विचारतील याचा भरवसा नव्हता.

पहिला तुकडा नऊ मिनिटांचा होता. गिटार तीन सुरांवरून फिरत होती आणि पुन्हा तिथंच येत होती. चौथ्या मिनिटाला आणखी एक गिटार आली, तिनंही तेच तीन सूर घेतले. दुसऱ्या तुकड्यात कुणीतरी काहीतरी घासत होतं. तिसरा पहिल्यासारखाच होता, फक्त हळू. मी स्वतःला समजावलं, थांब, उलगडेल. घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, समोरून उसाची एक ट्रॉली गेली, गोठ्यात म्हैस दोनदा खाकरली, अल्बम काही उलगडला नाही. सहाव्या तुकड्यात ढोल आला तेव्हा माझ्या अंगात जरा जीव आला, पण तो चारदा वाजून निघून गेला. पाऊण तासानं संपलं. फोन गप्प झाल्यावर पडवी एकदम छान वाटायला लागली.

सुभेदार पायाला चिखल घेऊन आले, नळाखाली पाय धुतले आणि खुर्चीत बसले.

“कसा हाय?”

त्या एका क्षणात माझ्या तोंडात ‘संयत’ हा शब्द आला होता. ‘अंतर्मुख’ त्याच्या मागं रांगेत उभा होता. मी दोन्ही गिळले.

“कंटाळवाणा आहे,” मी म्हणालो.

सुभेदारांनी पाठ मागं टेकली. त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

“मलाबी पयल्या दिशीच तसं वाटलं हुतं,” ते म्हणाले. “पर तुमी लिव्हलेलं वाचलं आन् म्हटलं, दात गेलं तसा आता कान बी गेला.”

परतीच्या वाटेवर मला हेच वाक्य ऐकू येत होतं, आणि मी ज्यांच्याबद्दल लिहितो त्या गायकांपैकी कुणाचंही गाणं मला एवढं लागलं नव्हतं. सव्वीस वर्षं बँडमध्ये सूर लावलेला माणूस. त्याला पहिल्या ऐकण्यात जे कळलं, त्याच्यावरचा त्याचा विश्वास मी चार ओळींत काढून घेतला होता. त्यासाठी मला अल्बम ऐकावासुद्धा लागला नव्हता.

संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. सातवा अल्बम मी ऐकला नव्हता, त्यात गायक नाही, गिटार गाते हे मी ऐन वेळी रचलं, आज ऐकला आणि तो कंटाळवाणा आहे. सुभेदारांची जाहीर माफी मागितली. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. आता सगळे मला शिव्या देतील अशा अपेक्षेनं मी फोन हातात धरून बसलो.

पहिलं उत्तर व्यापाऱ्याचं आलं. त्यानं लिहिलं की सर फारच विनम्र आहेत, पण त्याला मात्र गिटारीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि शेडमधल्या बायकाही हा अल्बम लागला की शांतपणे बेदाणा निवडतात. मग कुणीतरी लिहिलं की स्वतःच्याच शिफारशीला नाकारणं ही फार पुढची पायरी आहे. व्याख्यानानंतर ग्रुपमध्ये आलेल्या साताऱ्याच्या मंडळातल्या एकानं तर पुढच्या वर्षीसाठी विषय सुचवला: न ऐकलेलं संगीत.

डॉक्टर मात्र खरोखर संतापला. त्यानं ग्रुपवर नाही, थेट फोन केला. त्यानं त्या अल्बमची तबकडी परदेशातून मागवली होती आणि ती आदल्याच दिवशी पोचली होती.

“तू हे तबकडी आल्यावर सांगतोस?” तो म्हणाला.

मी विचारलं, ऐकलीस का. तो म्हणाला, ऐकली. मी विचारलं, कशी वाटली. मग तो म्हणाला की दवाखान्यात लावतो, पेशंटला भूल देण्याआधी बरी पडते. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी फारसा बोलला नाही. पण गिटार गाते हे वाक्य त्यानं टाकलं नाही. अलीकडंच मी दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा तो एका बाईंना तेच ऐकवत होता आणि बाईंना तोंडात कापूस असल्यामुळं मान डोलवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

माझ्या रविवारच्या शिफारशी थांबल्या. आता मी महिन्यातून एखादा अल्बम सुचवतो, तोही तीनदा ऐकून. लिहितो साध्या भाषेत: कोण वाजवतं, काय चांगलं आहे, कुठं कंटाळा येतो. लोकांना हे अजिबात आवडलं नाही. ओली लाकडं गेली तशी माणसंही गेली. पूर्वी वीस अंगठे यायचे, आता दोन-तीन येतात. व्यापारी अजून आहे, कारण तो काय लिहिलंय ते पूर्वीही वाचत नव्हता. बायको म्हणते, आता तुम्ही लिहिता ते कळतं, म्हणूनच कुणी वाचत नाही.

सुभेदार काही आठवडे गप्प होते. मला वाटलं, तेही गेले. मग एका बुधवारी त्यांची स्वतःची पहिली शिफारस आली. कुठल्या तरी चौघांचा अल्बम, फिडल, बँजो आणि चक्क एक क्लॅरिनेट. तो त्यांना कसा सापडला कोण जाणे. खाली दोनच ओळी होत्या.

‘अल्बम चांगला हाय. ट्रॅक पाच सोडून द्या, मी ऐकलाय.’

मी पाचवा सोडून बाकी सगळा ऐकला. चांगला होता.